पाणी सोडणं आणि बांध फोडणं

आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, ईसीजी मांडीवर पसरून मी धुळ्यातल्या एका दवाखान्याच्या व्हरांड्यात बसलो होतो. मे महिना, दुपारचे तीन. पंख्याचा वारासुद्धा तव्यावरून आल्यासारखा. गुलाबी चौकटींच्या त्या कागदावर हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे लहान उंचवटे ठरावीक अंतरानं निघाले होते, मिनिटाला 82. खालच्या कप्प्यांचे मोठे सुळके मात्र वेगळ्याच चालीनं, मिनिटाला 34. एकाच घरात राहून बोलणं टाकलेल्या दोन भावांसारखे ते आपापल्या वेळेला येत होते, जात होते.

हे चित्र मला नवं नव्हतं. पुण्यात शिकत असताना मी ते कॉम्प्युटरवर शेकडो वेळा काढलं होतं. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत जायला विजेला एकच वाट असते. प्रोग्रॅममध्ये त्या वाटेवरची वाहकता शून्य करायची. एक ओळ लिहायची, एंटर दाबायचं. पडद्यावर अस्संच उमटायचं आणि मी खूश व्हायचो, कारण मॉडेल नीट चालत असल्याची ती खूण होती. आता तेच चित्र रेशन कार्डाच्या झेरॉक्सबरोबर टाचणी मारून माझ्या हातात दिलेलं होतं.

गेली बारा वर्षं मी इथल्या कॉलेजात फिजिक्स शिकवतो. हृदयाचं मॉडेल हे माझं जुनं वेड. पोट त्यावर भरलं नाही, पण ते सुटलंही नाही. अजून रात्री कधी तरी लॅपटॉपवर एखादी पट्टी चालवून बघतो. पट्टी म्हणजे चौकोनी जाळ्यात मांडलेल्या हृदयपेशी. एका कोपऱ्याला टोचलं की रंगाची लाट पसरत जाते. बायको याला 'तुमचा टीव्ही' म्हणते.

आप्पा पाटकरी होते. ज्यांना फड माहीत नाही त्यांना हे पद वाचून काही बोध व्हायचा नाही, म्हणून जरा सांगतो. साक्री तालुक्यात पांझरेच्या काठी आमचं गाव. नदीला आडवा बंधारा, बंधाऱ्यातून निघालेला कालवा, कालव्याच्या चाऱ्या, चाऱ्यांतून शेतात जाणारे सारंग आणि जास्तीचं पाणी परत नदीला देणारे सांडम. 300-400 वर्षांपासून पांझरा, मोसम, आरम अशा नद्यांवर ही पद्धत चालत आली. गावची बागायत तीन-चार फडांत वाटलेली. एका फडात एका वर्षी सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, दुसऱ्या वर्षी पीक पुढच्या फडात सरकवायचं. पाणी कुणाला कधी सोडायचं हे पाटकरी बघणार, राखणीला जागल्या. 1884 साली मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात लागलेल्या विश्वेश्वरय्यांनी नोकरीच्या सुरुवातीलाच खानदेशात पांझरेच्या एका पाटासाठी नळाचा सायफन बांधला होता. आप्पा ही गोष्ट अशी सांगतात की जणू ते स्वतः खाली कंदील धरून उभे होते. आता विहिरी झाल्या, मोटारी झाल्या, वर धरणं झाली. फड पूर्वीसारखे राहिले नाहीत. पण आप्पांची नजर अजून पाटकऱ्याचीच आहे. कुठल्याही गावाला गेले की आधी उतार कुठे आहे ते बघतात.

पहिल्यांदा ते चक्कर येऊन पडले तेव्हा सगळ्यांनी उन्हावर ढकललं. 44 डिग्री असताना वेगळा विचार तरी कोण करतो? कांदा हुंगवला, गावातल्या डॉक्टरनं सलाईन लावली, संध्याकाळी आप्पा ओट्यावर बसून तंबाखू मळत होते. दुसऱ्यांदा पडले ते पहाटे, विहिरीवर मोटार चालू करायला गेले असताना. शेतीची लाईट त्या आठवड्यात रात्रीची होती. शेजारच्या मळ्यातल्या पोरानं बघितलं म्हणून बरं. त्यानं मनगट धरलं आणि मला फोनवर सांगितलं, "भाऊ, आप्पांनं ठोकं मोजता येतंय इतकं हळू चाललंय." भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाला जे दोन आठवड्यांपूर्वी सुचायला हवं होतं ते बारावी नापास पोराला सुचलं. असो.

त्या रात्री मांडीच्या शिरेतून एक तात्पुरती तार हृदयापर्यंत नेली होती आणि तिचं दुसरं टोक खाटेशेजारच्या डब्याला जोडलेलं होतं. डब्यावरचा दिवा मिनिटाला 70 वेळा लुकलुकत होता. आप्पांच्या तोंडावर रंग आला होता. पायाला हलवायचं नाही अशी ताकीद असल्यानं झोप येईना. तासभर त्या दिव्याकडे बघून झाल्यावर त्यांनी विचारलं, "कोठे अडकनं ते तं सांग."

काय झालं असं त्यांनी विचारलं नाही, कुठे अडकलं असं विचारलं. मग मी त्यांना त्यांच्याच भाषेत सांगायचं ठरवलं. म्हटलं, वरच्या उजव्या कप्प्यात, शीर येऊन मिळते तिथे एक झरा आहे. मिनिटाला साठ ते शंभर वेळा तो आपला आपणच उसळतो. ते पाणी आधी वरच्या दोन कप्प्यांत पसरतं. (आमच्या वेळच्या पुस्तकात यांना कर्णिका म्हणायचे आणि खालच्यांना जवनिका. मला ही नावं नेहमी नाटकातल्या बायकांची वाटायची.) मग दोन्हींच्या मधे एक दरवाजा आहे, तिथे ते थबकतं. इतर ठिकाणी जे सेकंदाला अर्धा मीटर जातं ते इथे सेकंदाला पाच सेंटीमीटरवर येतं. सेकंदाचा दहावा भाग असा थांबण्यात जातो.

आप्पांनी मान हलवली. "थांबाले पाहिजेच. वरलं भराई गयं नही अन् खालनी चारी सोडी दिधी तं काय उपेग?"

मी गप्पच झालो. कारण नेमकं तेच आहे. वरचे कप्पे आपलं रक्त खाली पुरतं रिचवेपर्यंत खालच्यांनी आवळायचं नसतं, म्हणून ती दिरंगाई. हे मला पुस्तकात वाचून, परीक्षेत लिहून, पुढे मॉडेलमध्ये तो थांबा काढून टाकल्यावर काय बिघडतं हे बघून समजलं होतं. आप्पांना ते खाटेवर पडल्या पडल्या समजलं.

पुढचं सोपं होतं. त्या दरवाजातून एक मुख्य पाट निघतो. विल्हेल्म हिस या शरीरशास्त्रज्ञानं तो 1893 साली दाखवला, म्हणून त्याला हिसचा जुडगा म्हणतात. दरवाज्याची ती गाठ 1906 मध्ये सुनाओ तवारा या जपानी माणसानं शोधली आणि वरचा झरा सापडला तो त्याच्याही नंतर, 1907 मध्ये, कीथ आणि फ्लॅक यांना. म्हणजे माणसानं शेताकडून उलट चालत जात उगम गाठला. मुख्य पाटाच्या दोन चाऱ्या होतात, डावी आणि उजवी, आणि त्यांचे बारीक सारंग स्नायूभर पसरतात. या चाऱ्यांतून संदेश सेकंदाला दोन ते चार मीटर धावतो, म्हणून खालचे दोन्ही कप्पे सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत एकदम आवळतात. म्हातारपणी या वाटेत चिवट तंतू साठत जातात. तुमचा दरवाजा असाच बुजलाय.

"मंग आते खाल कोन चालाडस?"

चालवतंय कोण? म्हटलं, जागल्या. वरून पाणी येईना असं झालं की खालच्या कप्प्यांतल्याच काही पेशी स्वतःहून ठोके द्यायला लागतात. मिनिटाला वीस, तीस, फार तर चाळीस. त्यांचं ते काम नव्हे, पण मालक आला नाही म्हणून फड सुकू द्यायचा नाही, एवढं त्यांना कळतं. आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, त्या जागल्याला चहा पाजायला पाहिजे.

आप्पांना झोप लागल्यावर मी दोन वाजता खाली चहाच्या टपरीवर गेलो. दोन वाजता जाग येण्याशी आमच्या घराचं जुनं नातं आहे. लाईट येते त्याच वेळी, बॅटरी घेऊन निघावं लागतं. आणि माझ्या त्या वेडाचा जन्मही रात्री दोनलाच झालेला आहे. 1952 साली हॉजकिन आणि हक्सली यांनी माकुळासारख्या एका समुद्री प्राण्याच्या जाड मज्जातंतूवर प्रयोग करून विजेची लहर कशी उठते याची समीकरणं मांडली. केंब्रिजचा संगणक तेव्हा बंद होता, म्हणून हक्सलीनं ती हातानं दांडा फिरवायच्या हिशेबयंत्रावर सोडवली. काही वर्षांनी लंडनमध्ये डेनिस नोबल नावाच्या, पंचविशीही न गाठलेल्या विद्यार्थ्याला वाटलं की हीच समीकरणं थोडी बदलून हृदयाला लावता येतील. विद्यापीठात एकच संगणक, मर्क्युरी नावाचा, आणि त्यासाठी भांडणारे शास्त्रज्ञ ढीगभर. या पोराला वेळ मिळाली ती पहाटे दोन ते चार. ते झालं की प्रयोगासाठी मेंढीची हृदयं आणायला खाटीकखान्यात जायचं आणि दिवसभर प्रयोगशाळेत बसायचं. 1960 मध्ये त्याचं काम छापून आलं. कागदावरची समीकरणं कुणी न हलवता आपली आपण ठेक्यात धडधडत होती. मज्जातंतूची लहर एखाद्या सहस्रांश सेकंदात विझते, हृदयातली तीनशे सहस्रांश टिकते. ती इतकी का टिकते, याचं उत्तर त्या पहाटेच्या हिशेबातून निघालं. पेशीच्या भिंतीतल्या पोटॅशियमच्या काही वाटा मधल्या काळात मिटतात, म्हणून पेशीला पूर्वपदावर यायला घाई होत नाही.

नोबलला आपण शेतकऱ्यांच्या वेळापत्रकानं काम करतोय हे माहीत असायचं कारण नाही. पण मला तो नेहमी हातात बॅटरी, पायात चिखल असाच दिसतो.

त्याच्याही आधी, 1928 मध्ये, हॉलंडमधल्या व्हॅन डर पोल आणि व्हॅन डर मार्क या जोडीनं निऑनचे दिवे वापरून हृदयाची नक्कल केली होती. ठेक्यात पेटणारी-विझणारी तीन सर्किटं: झरा, वरचे कप्पे, खालचे कप्पे. दुसऱ्या-तिसऱ्यातला दुवा ढिला केला की ब्लॉक, म्हणजे वाट अडलेली. माझ्या एका ओळीची ही आजी. ना पेशी, ना सोडियम, ना पोटॅशियम. पेटणारे आणि विझणारे तीन दिवे, आणि तरीही आप्पांच्या कागदावरचं चित्र त्यातून निघत होतं. हे आठवलं की मोठ्या मॉडेलांबद्दलचा माझा ताठा बराच उतरतो.

आणि मोठी म्हणजे किती मोठी? हिशेब करूनच बघा. डाव्या खालच्या कप्प्याचा स्नायू सुमारे 150 घनसेंटीमीटर धरा. पाव मिलिमीटरच्या जाळ्यात तो बसवायचा तर एका घनसेंटीमीटरला 64,000 ठिपके लागतात, सगळे मिळून 96 लाख. ओहारा आणि रूडी यांचं 2011 चं मानवी पेशीचं मॉडेल घेतलं, जे शंभराहून अधिक निरोगी मानवी हृदयांवरच्या मोजमापांवर उभं आहे, तर प्रत्येक ठिपक्याला 41 बदलत्या राशी. म्हणजे 39 कोटींहून जास्त आकडे, आणि ते सगळे सेकंदाच्या पन्नास हजाराव्या भागागणिक नव्यानं काढायचे. पाऊण सेकंदाच्या एका ठोक्यासाठी असे जवळपास 40,000 फेरे. मी विद्यार्थी असताना असला उद्योग रात्री लावून झोपायचो आणि सकाळी उठून बघायचो तर निम्मा ठोका झालेला असायचा. आप्पा तेवढ्यात तीस-पस्तीस हजार ठोके सहज मारून, भाकरी खाऊन मळ्यात गेलेले असायचे.

अलीकडे याला 'डिजिटल ट्विन' म्हणायची पद्धत पडली आहे. रोग्याचं एमआरआय घ्यायचं, त्याच्या हृदयाचं हुबेहूब जाळं बनवायचं, आधी त्यावर उपचार करून बघायचा. काम खरं आहे, उपयोगी आहे. बाल्टिमोरला नतालिया ट्रायानोवा यांच्या गटानं असल्या वैयक्तिक मॉडेलांवरून हृदयाची लय बिघडवणारी जागा कुठे असू शकेल याचे अंदाज बांधले आहेत. माझं भांडण आहे ते फक्त त्या शब्दाशी. जुळं म्हणजे काय, हे आमच्या गल्लीत कुणालाही विचारा. जुळं एका ताटात जेवतं, एका तापानं फणफणतं. माझ्या प्रोग्रॅममधल्या हृदयाला ना ऊन लागलं, ना तंबाखू. ते जुळं नव्हे. फार तर गणपतीच्या आधी करतात तो मातीचा नमुना म्हणा.

सकाळी डॉक्टरांनी बोलावलं. कायमचा पेसमेकर बसवायचा. डाव्या हंसळीच्या हाडाखाली छोटा कप्पा करून त्यात यंत्र, शिरेतून तारा हृदयात. मी विचारलं, खालच्या कप्प्यातली तार कुठे टेकवणार? त्यांनी भुवया उंचावल्या. नातेवाईक असं विचारत नाहीत.

विचारायला कारण होतं. वर्षानुवर्षं ही तार उजव्या खालच्या कप्प्याच्या टोकाशी टेकवत आले, कारण तिथे ती पटकन अडकते आणि टिकते. पण तिथून दिलेली वीज चाऱ्यांतून जात नाही. ती स्नायूतून, पेशीमागून पेशी, अर्धा मीटरच्या चालीनं सरकत डावीकडे पोचते. उजवी बाजू आधी आवळते, डाव्या बाजूची पलीकडची भिंत उशिरा. ईसीजीवरचा सुळका रुंद होतो. बहुतेकांचं यानं काही बिघडत नाही, पण वर्षानुवर्षं प्रत्येक ठोका असा तिरपा पडत राहिला तर काहींच्या हृदयाची ताकद उतरते.

आत जाण्याआधी मी आप्पांना हे सांगितलं. सांगायला नको होतं, पण त्यांच्याशी अर्धवट बोललेलं त्यांना कळतं. त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "हाई तं बांध फोडनं व्हयनं. पानी सोडनं नही व्हयनं."

इतकं नेमकं मी कुठल्या शोधनिबंधात वाचलेलं नाही. बांध फोडला तरी शेवटी सगळं शेत भिजतंच. पण आधी जवळचं चिंब, मग मधलं, आणि शेवटच्या वाफ्याला पाणी पोचेपर्यंत पहिल्यात पीक पिवळं पडायची वेळ. पाणी सोडणं म्हणजे पाटाच्या तोंडाशी सोडणं, बाकीचं काम चाऱ्या करतात. हृदयातही हाच विचार पुढे आला. 2000 साली अमेरिकेत प्रमोद देशमुख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तार थेट हिसच्या जुडग्यावर टेकवून कायमचं पेसिंग, म्हणजे यंत्रानं ठोके देणं, करता येतं हे निवडक रोग्यांमध्ये करून दाखवलं. म्हणजे पाटाच्या तोंडाशी. जागा बारीक, सापडायला कठीण, कधी कधी जास्त व्होल्टेज मागणारी. मग 2017 मध्ये चीनमधल्या हुआंग वेइजियान यांच्या गटानं तार खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात खोल स्क्रूसारखी फिरवत नेऊन डाव्या चारीला गाठलं. आता हा मार्ग आपल्याकडेही वापरात आहे. दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या तारा टाकून एकाच वेळी टोचायचा तिसरा उपायही आहे. पण त्याचा सुमारे एक तृतीयांश रोग्यांना अपेक्षित फायदा होत नाही, आणि कुणाला होईल, कुठे टोचलं तर होईल, हेच ओळखायला मॉडेलवाले जिवाचं रान करतात. मीही केलं होतं. माझ्या जुन्या प्रबंधात तार टेकवायच्या बारा जागा होत्या, बारा रंगीत नकाशे होते.

डॉक्टरांनी माझं सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, आधी मधल्या पडद्यातून डाव्या चारीपाशी बघतो. जमलं तर ठीक, वीस मिनिटांत पकड मिळाली नाही तर आग्रह धरणार नाही, वडिलांचं वय बघता. माझ्या बारा नकाशांत 'वीस मिनिटं' ही रास नव्हती. शिरेचं वळण नव्हतं, तार घसरणं नव्हतं, टेबलावर उताणं पडून पाठ दुखायला लागलेला 76 वर्षांचा माणूस नव्हता. तार माझ्या पडद्यावर हवी तिथे, एका क्लिकमध्ये बसायची.

जमलं. तेराव्या मिनिटाला पकड मिळाली, असं त्यांनी बाहेर येऊन सांगितलं.

घरी आल्यावर महिनाभर डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, म्हणून आप्पा पागोटं बांधेनात. फोन उजव्या कानाला लावायचा, रानडुकरांसाठी बांधाला लावलेल्या झटका मशिनच्या तारेपासून आणि वेल्डिंगपासून लांब राहायचं, एवढी पथ्यं. लोक बघायला येत. "बॅटरीवर चालस म्हने?" आप्पा सदऱ्याचं बटण काढून तो उंचवटा दाखवत. मी त्यांना आर्ने लार्सनची गोष्ट सांगितली होती, ती ते येणाऱ्या-जाणाऱ्याला आपल्या पद्धतीनं सांगत. 8 ऑक्टोबर 1958, स्टॉकहोम. ओके सेनिंग हा सर्जन आणि रुने एल्मक्विस्ट हा इंजिनिअर. शरीरात बसवलेला जगातला पहिला पेसमेकर एल्मक्विस्टनं बूटपॉलिशच्या डबीत राळ ओतून घडवला. काही तासांतच तो बंद पडला, मग दुसरा लावला. लार्सनला आयुष्यात वीसच्या वर यंत्रं बदलावी लागली, पण तो 2001 पर्यंत, 86 वर्षांचा होईपर्यंत जगला. सर्जन आणि इंजिनिअर दोघेही त्याच्या आधी गेले. "पालिशनी डबी!" असं म्हणून आप्पा ऐकणाऱ्याच्या गुडघ्यावर थाप मारतात.

आमच्या भागाला अजून जवळची वाटेल अशी गोष्ट अमेरिकेतली आहे. तिथे मिनियापोलिसला हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर पोरांना भिंतीतल्या प्लगवर चालणारे पेसमेकर लावत. 31 ऑक्टोबर 1957 ला शहराची लाईट गेली आणि एक बाळ दगावलं. डॉक्टर लिलेहाय यांनी अर्ल बॅकन या दुरुस्तीवाल्या इंजिनिअरला गाठलं. त्यानं एका मासिकात आलेला मेट्रोनोमचा सर्किट उचलला, गाणाऱ्याला ताल देणारा, आणि चार आठवड्यांत बॅटरीवरचा, गळ्यात अडकवता येणारा पेसमेकर केला. लाईट गेल्यामुळे काय काय होतं हे खानदेशात वेगळं सांगावं लागत नाही.

तोवर आमचं सगळं पाण्याच्या भाषेत चाललं होतं, आणि मी मनातून त्यावर जाम खूश होतो. कॉलेजात एक व्याख्यानही ठोकलं, 'हृदयातली फड पद्धत'. टाळ्या पडल्या.

माघात ऊस तुटून गेला. पाचट जाळू नये, कुजवावं, हे मी दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी घरात माझं कुणी ऐकत नाही. संध्याकाळी वारा पडल्यावर आप्पांनी गड्याकडून शेताच्या दोन्ही टोकांना काडी लावून घेतली. धुराच्या नादी नको म्हणून ते स्वतः बांधावर लांब, माझ्याशेजारी बसले. दोन्हीकडून आगीच्या ओळी एकमेकींकडे सरकत आल्या, मधे भेटल्या आणि विझल्या. पलीकडे जाळायला काही उरलंच नव्हतं.

मी सवयीनं म्हटलं, तुमच्या छातीत दोन बाजूंनी लाटा आल्या तर त्याही अशाच मधे भेटून मरतात.

आप्पांनी वळून बघितलं. "पानी तं मरत नही. दोन्हीकडथून पानी सोडं तं मझार एक व्हस, डबल व्हस. मंग इतला दिन पानी पानी कसाले म्हनस? आग म्हन ना!"

मी त्या बांधावर बसून लाजलो, हे लिहायला हरकत नाही. कारण हे मला माहीत होतं. पाणी उगमापासून लांब जाईल तसं आटतं. हृदयातली लाट आटत नाही, कारण प्रत्येक पेशी शेजारणीची ठिणगी लागताच स्वतःचं इंधन जाळते. पाणी गेलं त्याच पाटातून लगेच पुन्हा सोडता येतं. जळून गेलेल्या पाचटाला पुन्हा काडी लागत नाही. पेशीही एकदा पेटली की थोडा वेळ दाद देत नाही. फरक एवढाच की तिचं पाचट सेकंदाच्या तिसऱ्या भागात पुन्हा उगवतं. 1946 मध्ये नॉर्बर्ट वीनर आणि आर्तुरो रोझेनब्लूथ यांनी हृदयातल्या लहरींचं गणित मांडलं ते पेटणं, दाद न देणं आणि पुन्हा तयार होणं एवढ्या तीन अवस्थांवर. बाकी सगळं त्यांनी सोडून दिलं होतं. आणि हृदयातलं सगळ्यात भयंकर जे आहे, ते पाण्यानं सांगताच येत नाही. आगीची ओळ कुठे तरी तुटली, तिचं मोकळं टोक वळून नुकत्याच उगवलेल्या पाचटात शिरलं, तर ती स्वतःभोवती फिरत राहते. गोल, भोवऱ्यासारखी, झऱ्याला न विचारता. मग त्या भोवऱ्याचे तुकडे होतात आणि हृदय आवळायचं सोडून नुसतं थरथरतं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राहुल पंडित, चेन्नईत सिताभ्र सिन्हा यांनी कॉम्प्युटरवर हे भोवरे फिरवून, ते कशानं तुटतात आणि कशानं विझवता येतील हे वर्षानुवर्षं अभ्यासलं. माझ्या लॅपटॉपवरचा 'टीव्ही' म्हणजे दुसरं तिसरं काही नसून हाच वणवा.

तरीही व्याख्यानात मी पाणीच सांगितलं, कारण पाणी आप्पांचं होतं आणि ते ऐकून टाळ्या पडणार हे मला ठाऊक होतं. दरवाजा, थांबा, चाऱ्या, बांध फोडणं, इथवर पाणी बरोबर होतं. तिथून पुढे त्याला ओढत नेण्यात माझा आळस होता. व्याख्यानाची फाईल मी अजून सुधारलेली नाही. पण नाव खोडून ठेवलंय.

परवा मे महिन्यात वर्षाची तपासणी झाली. टेक्निशियननं आप्पांच्या सदऱ्यावर एक गोल चकती ठेवली आणि पडद्यावर आत्तापर्यंतचा सगळा हिशेब उमटला. मग तो म्हणाला, यंत्राचा वेग हळूहळू खाली आणून बघू, तुमचं स्वतःचं काही आहे का. साठ, पन्नास, चाळीस. आप्पांनी खाटेची कड धरली. मीही धरली. पस्तीसला पडद्यावर यंत्राच्या खुणेशिवायचा एक सुळका आला. मग दुसरा.

"जागल्या शे अजून," आप्पा म्हणाले.

टेक्निशियनला काही कळलं नाही. त्यानं वेग पुन्हा साठावर नेला, ठोका उमटायला कमीत कमी लागतं त्याच्या दुप्पट व्होल्टेज ठेवलं आणि सांगितलं की बॅटरी अजून नऊ वर्षं जाईल.

आप्पांनी सदऱ्याची बटणं लावता लावता बोटांवर मोजलं. आमच्या गावात चार फड. "नऊ वरीस. म्हंजे आपला फडमां दोन खेप ऊस यी जाई." मग दारात थांबून त्याला बजावलं, बदलायची तारीख देशील तेव्हा पाणी सोडायच्या वेळेला देऊ नकोस, दिवाळीनंतरची दे. त्या पोरानं खरंच फाईलवर तसं लिहून घेतलं.